आत्याच्या पेटीत मुरलेली व्हॅनिला

लेसिएली आत्या अंगणात शिरली की सेमिसीला एकदम बाहेरची कामं आठवायची. डुकरं सुटलेली असायची, व्हॅनच्या चाकातली हवा गेलेली असायची, नाहीतर चर्चमध्ये गाण्याची तालीम तरी असायची. "आलोच," म्हणून तो मागच्या दाराने जो सटकायचा, तो आत्या जाईपर्यंत उगवायचा नाही. मागे उरायची त्याची बायको कलोलाइने. तिला सटकायची सोय नव्हती, कारण आत्या तिची होती.

आपल्याकडे बारशाला आत्याकडून नाव ठेवून घेतात आणि साडी देऊन तिला वाटेला लावतात. टोंगात, पॅसिफिक समुद्रातल्या त्या बेटांच्या देशात, एवढ्यावर भागत नाही. इथे आत्या म्हणजे घराच्या वरचं घर. भावाच्या मुलांकडे जाऊन तिने एखाद्या वस्तूला हात लावला आणि "छान आहे हं," म्हटलं, की ती वस्तू तिची. या हक्काला फाहू म्हणतात, आणि त्याला नाही म्हणणारा अजून जन्मायचा आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपण थट्टेने म्हणतो. लेसिएली आत्याला खरोखरच बारीकशा मिशा होत्या, पण तिला काका म्हणायची अख्ख्या लेइमातुआ गावात कुणाची छाती नव्हती.

सेमिसीने ऑस्ट्रेलियात फळं तोडून आणलेला रेडिओ तिने एका दुपारी उचलला आणि वर विचारलं, "याच्या बॅटऱ्या कुठं ठेवल्यात?" कलोलाइनेने त्याही आणून दिल्या.

कलोलाइने वावाऊ बेटावर, व्हॅनिलाच्या मळ्यात वाढलेली. बाप गेल्यावर भावाने, मायकोलोने, मळ्याचा खालचा तुकडा घेतला आणि वरचा हिला दिला. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मान टाकतं. तेवढ्या वेळात प्रत्येक फुलाचं लग्न हाताने लावावं लागतं, बारीक काडीने, हळूच. कलोलाइनेच्या हाताने लावलेलं लग्न सहसा मोडत नसे. पुढे शेंगा धरायच्या, तोडायच्या, गरम पाण्यात बुडवून गोधडीत गुंडाळायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. काळ्या, मऊ, तेलकट होईपर्यंत हाच खेळ.

आणि एवढं करून काय, तर नेइआफू शहरातल्या व्यापाऱ्याकडे पोतं नेऊन टाकायचं. तो सगळ्या गावाच्या शेंगा एकत्र ओतायचा. लांब मादागास्करमध्ये पीक चांगलं आलं असेल त्या वर्षी तर तो मान वर करून बघायचाही नाही. मग सेमिसी बॅग भरायचा आणि फळं तोडायला ऑस्ट्रेलियाला जायचा. वर्षातला मोठा हिस्सा तो तिकडे आणि कलोलाइने इकडे. रात्री फोनवर दोघं एकमेकांना डुकरांच्या तब्येती सांगायचे, कारण बाकीचं बोलायला गेलं की कुणीतरी फोन ठेवून द्यायचं.

एकदा राजधानीहून एक साहेब आले आणि चर्चच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण झालं. माणूस मनापासून बोलला. "जे सगळे पाठवतात तेच तुम्ही पाठवलंत, तर परदेशात तुमचं नाव कोण विचारणार? नवं काहीतरी करा. ज्यांनी नवं केलं त्यांचाच माल बाहेर टिकतो." बायकांनी टाळ्या वाजवल्या, केक खाल्ला, उरलेला पानात बांधून घेतला.

परतताना कलोलाइने म्हणाली, "नवं म्हणजे काय करायचं रे?"

"ते साहेबांना विचारायचं होतंस."

"विचारलं. म्हणाले, ते तुमचं तुम्हीच शोधायचं असतं."

"मग त्यांना केक कशाला दिलात?" सेमिसी म्हणाला.

पण बोलणं त्याच्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने शेंगांची चाळण नेइआफूला सवाऱ्या नेणाऱ्या आपल्या व्हॅनच्या पुढच्या काचेमागे ठेवली. गाडी उन्हात उभी, काचा बंद. आत भट्टी. पाऊस आला तरी शेंगा कोरड्या, आणि कोंबड्यांचा त्रास नाही. शेंगा खरंच झकास वाळू लागल्या. गाडी अशी घमघमायला लागली की नेइआफूला जाणाऱ्या बायका उतरायचं नाव घेईनात. पाद्रीबाबा तर म्हणाले, तुझ्या गाडीत बसलं की प्रार्थनेऐवजी पुडिंग आठवतं.

त्याच गाडीत एकदा ब्रॉनवीन बसली. ही ऑकलंडची. तिथे तिचा चॉकलेटचा छोटा कारखाना होता, आणि वावाऊला ती शिडाच्या बोटीतून सुट्टीला आली होती. नाक वर करून ती म्हणाली, "हा वास कशाचा?"

सेमिसी म्हणाला, "बायकोचा." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने चाळण दाखवली.

अशी पहिली मागणी आली. एका घराची व्हॅनिला, व्यापाऱ्याला वळसा घालून, थेट ऑकलंडला. कलोलाइनेने शेंगा लांबीप्रमाणे निवडल्या, केवड्याच्या पातीने जुड्या बांधल्या. आणि नेमकी तेव्हाच आत्या आली. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या पेटीत न्गातू घालायचे होते. साल कुटून केलेल्या त्या कापडाच्या घड्यांमध्ये वासाला व्हॅनिला ठेवायची होती. आत्याने सगळ्या जुड्यांवरून हात फिरवला आणि उत्तमातल्या उत्तम तेवढ्या बरोबर बाजूला काढल्या. नजर अशी की एकही मधल्या प्रतीची जुडी चुकून उचलली नाही.

"छान आहेत हं," आत्या म्हणाली.

उरलेल्या ऑकलंडला गेल्या. ब्रॉनवीनचा फोन आला. "चांगली आहे. पण कलोलाइने, चांगली तर मला सगळीकडून मिळते. पुढच्या हंगामात मी स्वतः येते. तुझं असं, दुसऱ्या कुणाकडे नाही असं काही दाखवलंस, तर दरवर्षी तुझ्याकडूनच घेईन. नाहीतर आपली मैत्री राहील, धंदा नाही."

सेमिसी त्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेला नाही. एक वर्ष थांबून बघू, म्हणाला. पुढच्या वर्षीचे कागद मात्र त्याने भरून फळीवर ठेवले होते, आणि झाडताना कलोलाइने त्या फळीला फडकं लावत नसे. ब्रॉनवीन हो म्हणाली तर कागद चुलीत जाणार होते. नाही म्हणाली तर सेमिसी विमानात. एवढा साधा हिशेब होता.

म्हणून दुसऱ्या हंगामात कलोलाइनेने जन्मात केलं नव्हतं ते केलं. आत्या राजधानीहून बोटीने परत येतेय असं कळलं, आणि हिने निवडक शेंगा, अजून पुरत्या वाळल्याही नव्हत्या, घाईघाईने बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. झाकण दाबलं, कडेने चिकटपट्टी लावली, डबा पलंगाखाली सारला आणि पुढे चादर ओढली. आपण काय करतोय या विचाराने तिचे कान गरम झाले होते.

आत्या आली, चटईवर बसली. बाहेर ठेवलेल्या मधल्या जुड्यांकडे बघितलं.

"यंदा एवढीच?"

"एवढीच, आत्या."

"बरं," आत्या म्हणाली. तिने पलंगाकडे बघितलं, मग कलोलाइनेकडे बघितलं, एक पपई उचलली आणि गेली. आत्या नुसत्या पपईवर गेली, इथेच खरं तर कलोलाइनेला संशय यायला हवा होता. पण ती सुटकेचा श्वास टाकण्यात गुंतली होती.

ब्रॉनवीनचं विमान यायच्या दिवशी सकाळी तिने डबा ओढून चिकटपट्टी सोडवली. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण झाकल्या डब्याचं तसं नसतं. आत हिरवट-करडी बुरशी मांडी घालून बसली होती. एकही शेंग वाचली नव्हती. खाली कुबट पाणी सुटलं होतं आणि वास असा की कुत्रं आत डोकावलं आणि शिंकत बाहेर गेलं.

सेमिसीने डब्यात बघितलं. एरवी त्याला थट्टा सुचल्याशिवाय राहत नसे. आज तो नुसता म्हणाला, "मी विमानतळावर जातो. तिला जेवायला तरी घालू." जाता जाता त्याची नजर फळीकडे गेली, आणि ते कलोलाइनेने बघितलं.

तिला एकच गोष्ट आठवली. गेल्या वर्षीची उत्तम व्हॅनिला गावात होती. आत्याच्या पेटीत. नातीचा होणारा नवराही फळं तोडायला गेला होता, म्हणून लग्न वर्षभर पुढे गेलं होतं आणि पेटी उघडलीच नव्हती. पण आत्याने हक्काने नेलेली वस्तू परत मागायची? त्यापेक्षा पाद्रीबाबांची टोपी मागणं सोपं. आणि आधी तर ती आत्याशी धडधडीत खोटं बोलली होती. तरी पाय तिकडेच वळले.

आत्या खुर्चीत, कलोलाइने खाली चटईवर. बोलणं सुरू झालं. डुकरीण व्याली का? व्याली. पिल्लं सगळी जगली का? जगली. गाण्यात पहिला सूर कोण लावतं हल्ली? पाद्रीबाबांचा खोकला कसा आहे? खोकला संपला, सगळी डुकरं संपली, आणि कलोलाइनेजवळ बोलायला दुसरं काही उरलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मी तुमच्यापासून व्हॅनिला लपवली."

"पलंगाखाली," आत्या म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, पोर लपव, नवरा लपव, पण व्हॅनिला लपवतेस? चादरीआडून ती मला हाका मारत होती, मी इथंय, मी इथंय!"

"मग नेली का नाहीत?"

आत्याने मांडीवरचा झगा सरळ केला. "माझ्या भावाची पोर माझ्याशी खोटं बोलली. लाज तुला वाटायची ती मला वाटली. त्या दिवशी तुझ्या घरातलं घोटभर पाणीही मला गिळवलं नसतं."

"पपई नेलीत की," कलोलाइनेच्या तोंडून निसटलं.

"पपईचं वेगळं," आत्या म्हणाली. "बरं, मग काय झालं डब्याचं?"

मग मात्र बांध फुटला. बुरशी, विमान, फळीवरचे कागद, सेमिसीने आज थट्टा केली नाही ते, सगळं रडत रडत बाहेर आलं. पेटीचं मात्र ती बोलली नाही. तेवढी रीत तिने सांभाळली.

आत्या उठली. "गावभर म्हणतात, लेसिएली नेते. नेते, नेते, नेते. मला देता पण येतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. कुणी देऊच देत नाही मला!" असं म्हणून तिने कोपऱ्यातली पेटी ओढली आणि झाकण उघडलं.

खोलीभर वास पसरला. कलोलाइने व्हॅनिलात जन्मली होती, पण असा वास तिने घेतला नव्हता. त्यात न्गातूच्या सालीचा कोरडा, धुरकट वास मुरला होता. आत्याने कापडाची घडी उलगडली आणि दोघींचेही चेहरे उतरले. काळ्याभोर शेंगांवर पांढरं काहीतरी आलं होतं.

"ओइआउए!" कलोलाइने म्हणाली. "इथेही बुरशी!"

"बुरशी कसली, पुसून काढते," म्हणत आत्याने झग्याचा सोगा हातात घेतला.

"पुसू नका!" दारातून कुणीतरी ओरडलं. दारात ब्रॉनवीन उभी होती, मागे सेमिसी. घरी कुणी नाही म्हणून त्याने पाहुणीला सरळ इकडे आणलं होतं, आणि आत्या समोर असूनही आज तो कुठे सटकला नाही.

"पुसू नका म्हणतेय," सेमिसी आत्याला म्हणाला.

"ओरडली त्यातच कळलं मला. पुढचं सांग."

ब्रॉनवीन गुडघ्यावर बसली. तिने शेंग उजेडात धरली. ते पांढरं म्हणजे बारीक सुया होत्या, काचेसारख्या चमकणाऱ्या. शेंगेतला अर्कच हळूहळू बाहेर येऊन गोठला होता. असं फार थोड्या व्हॅनिलाचं होतं, ती म्हणाली. शेंग मुळात जातिवंत लागते आणि ती मुरायला निवांत वेळ मिळावा लागतो. "आणि हा सालीचा वास मी कुठेच घेतलेला नाही. कसं केलंत हे?"

सेमिसीने विचारलं. आत्या म्हणाली, "काही केलं नाही. ठेवलं आणि विसरले."

सेमिसीने याचं भाषांतर बरंच लांबवलं. त्यात पूर्वज होते, समुद्राचा वारा होता, आणि आजीने नातीला कानात सांगितलेलं काहीतरी होतं. ब्रॉनवीन मान डोलावत राहिली.

"मी एवढं बोलले?" आत्याने विचारलं.

"तुमच्या मनातलं पण सांगितलं," सेमिसी म्हणाला.

ब्रॉनवीन मग हळूच म्हणाली, ही मला मिळेल का? सेमिसीला ते वाक्य पुरं करवेना. मागायचं म्हणजे आत्याकडे परत मागणं होतं. तो बायकोकडे बघायला लागला, बायको चटईकडे.

आत्याने पेटीतल्या जुड्या एकेक करून काढल्या आणि कलोलाइनेच्या मांडीत ठेवल्या. "नीट ऐक," ती म्हणाली. "तू मागितली नाहीस. मी दिली. चारचौघांत असंच सांगायचं. आणि तिला विचार, असली दरवर्षी हवी का?"

ब्रॉनवीन हो म्हणाली.

"मग यंदाची उरलेली मधली चांगली वाळव. घाई करू नकोस. वाळली की इकडे आण, मी निवडून पेटीत ठेवते. नातीच्या लग्नाला पुढची देऊ, तिचा नवरा यायचाय अजून."

त्या संध्याकाळी कागद चुलीत गेले. त्यांच्यावर लू शिजला, नारळाच्या दुधातली अळूची पानं, आणि तो जरा करपला, कारण सेमिसीची थट्टा परत आली होती आणि हसण्यात कुणाचं चुलीकडे लक्ष नव्हतं.

पुढे जे झालं ते गावाने बघितलंच. एका पेटीत मावेना एवढी मागणी वाढली तेव्हा कलोलाइने घरोघरी गेली. प्रत्येक घराला एक आत्या होती, प्रत्येक आत्याकडे न्गातूने भरलेली पेटी होती, आणि पोतं भरून व्यापाऱ्याला देण्याइतकी व्हॅनिला सगळ्यांकडेच होती. हंगामात सगळ्या जुड्या चर्चच्या हॉलमध्ये मांडायच्या आणि आत्यांना सोडायचं. ज्याला आत्याचा हात लागला ते पेटीत जाऊन मुरायचं, उरलं ते व्यापाऱ्याकडे. ऑकलंडहून एकही जुडी परत आली नाही. राजधानीचे साहेब मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, हेच मी सांगत होतो, नवं काहीतरी. लेसिएली आत्या म्हणाली, यात नवं काय, आम्ही कायमच चांगलं तेवढं उचलतो! साहेबांनाही हसू आवरेना, आणि या वेळी केक त्यांनी आणला होता. चॉकलेटच्या वेष्टनावर ब्रॉनवीनला आत्यासाठीचा टोंगन शब्दच हवा होता, मेहेकितांगा. तो छापलाही. उच्चारायला मात्र तिला आजतागायत जमलेला नाही.

सेमिसी घरीच असतो. व्हॅनमध्ये अजून चाळण आहे.

आता लेसिएली आत्या खुर्चीतून फारशी उठत नाही, आणि निवडायला कलोलाइने जाते. मायकोलोच्या मुलांची आत्या तीच की. परवा ती त्याच्याकडे गेली तेव्हा दारातूनच तिने बघितलं, मायकोलोची मुलगी लुसेआने घाईघाईने काहीतरी पलंगाखाली सारत होती आणि तिचे कान लाल झाले होते. कलोलाइने चटईवर बसली. बाहेर मांडलेल्या जुड्यांवरून तिने हात फिरवला.

"यंदा एवढीच गं?"

"एवढीच, आत्या," लुसेआने म्हणाली.

कलोलाइनेने पोरीकडे बघितलं. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने ओट्यावरची एक पपई उचलली, छान आहे हं म्हणाली, आणि निघाली. दारात मात्र तिच्याने राहवलं नाही.

"लुसेआने," ती म्हणाली, "त्या डब्याचं झाकण तेवढं उघडं ठेव गं पोरी."